दुसरा ब्रेक

तेहतीस वर्षं मी डावीकडे बसलो.
नंदनवनात पत्र्याचा बोर्ड होता, पौनीकर मोटर ट्रेनिंग,
लाल मारुती, छपरावर इंग्रजी एल,
आणि माझ्या पायाखाली
वेल्डिंग करून बसवलेला दुसरा ब्रेक.

त्या ब्रेकचं एक शास्त्र होतं.
पाय वर धरायचा, टेकवायचा नाही.
शिकणाऱ्याला चुकू द्यायचं
एका सायकलीचं अंतर उरेपर्यंत.
आधी दाबला तर तो शिकत नाही,
नंतर दाबला तर पोलीस स्टेशन.

आता पोरीनं ही नवी घेऊन दिली.
"बाबा, ही स्वतःच सांभाळते सगळं."
काचेमागे, आरशाजवळ, हिला एक डोळा आहे.
बंपरात रडार आहे म्हणे.

पहिल्याच आठवड्यात, वर्धा रोडवर,
मे महिना, दुपारचे अडीच,
मेट्रोच्या खांबाची सावली रस्त्यावर आडवी,
काळी कुट्ट, हात लावला तर हाताला लागेल अशी.
हिनं करकचून ब्रेक मारला.
मागचा ऑटोवाला खिडकीशी येऊन म्हणाला,
"काका, सावलीले भिऊन राहिले का?"
मी नाही बाप्पा.
गाडी भिऊन राहिली.

मग रोजचंच झालं.
रेशीमबागेजवळ जुने पट्टे पुसून नवे मारलेत, तेही तिरपे;
हिचा विश्वास पुसलेल्यांवर.
खड्डा चुकवायला मी स्टिअरिंग उजवीकडे घेतो,
ही हळूच डावीकडे ओढते,
लग्नात एखादी मावशी जेवलेल्या माणसाला
पुन्हा पंगतीकडे ओढते तशी,
थेट खड्ड्यात.
सक्करदऱ्याच्या चौकात चहूबाजूंनी स्कूट्या,
ही टूं टूं करत राहते,
कोणासाठी, ते सांगत नाही.
पडद्यावर कपाचं चित्र येतं: विश्रांती घ्या.
घरून निघून सात मिनिटं झालेली असतात.

बंद करता येतं. बोट लावायचं, आत जायचं, आणखी आत जायचं.
दुसऱ्या दिवशी बटण दाबलं की सगळं पुन्हा जागं.
शोरूमचा पोरगा म्हणतो, "सर, सेन्सर पुसत जा, धूळ असते."
अरे, अख्खं गाव खोदून ठेवलं आहे सिमेंटसाठी,
मी काय काय पुसू?

इंदू खोब्रागडे आठवते मला.
मेडिकलमध्ये नर्स, रात्रपाळी संपवून सकाळी शिकायला यायची,
केसांना अजून डेटॉलचा वास.
तुकडोजी चौकात एकदा मी उगाच ब्रेक दाबला.
समोर काही नव्हतं. उडती पन्नी होती.
तिनं गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला,
उतरून माझ्या दाराशी आली:
"सर, तुम्ही तरी चालवा, नाहीतर मले तरी चालवू द्या."
मला राग आला होता तेव्हा.
फी परत मागते की काय, असंही वाटलं.
आज तेच वाक्य तोंडात घेऊन बसलो आहे
आणि जाऊन उभं राहायला दार नाही.

परवा उमरेड रोडनं परत येत होतो, दिवेलागणीला.
पडदा हिरवागार, सगळं ठीक.
पुढे ट्रॅक्टरची ट्रॉली, मागे ना दिवा ना लाल चिंधी,
बाहेर आलेल्या सळ्या, आभाळाच्याच रंगाच्या.
डावीकडे धप् आवाज झाला.
मंदाचा पाय. नुसत्या मॅटवर,
जिथं काहीच बसवलेलं नाही.
आणि माझा पाय गेला.

थांबलो तेव्हा मधे एक सायकल मावली असती.
मग, सगळं झाल्यावर,
गाडी म्हणाली: टूं.

"मी काही बोलली का?" मंदा म्हणाली.
नव्हती बोलली. चाळीस वर्षांत कधीच नाही.
ट्रॉली वळून गेली, मी पहिला गिअर टाकला,
दिघोरीचे दिवे दिसू लागले तेव्हा सहज खाली पाहिलं.
चप्पल काढून ठेवलेली,
आणि पाय वर धरलेला,
बोटभर. टेकवलेला नाही.