आतली साल

लॅटिनच्या पहिल्या वर्गाला यंदा सात जण.
सहा विशीतले,
आणि नॉर्बर्ट मूस्तूस, वय एकाहत्तर, कानात यंत्र,
बूट दाराशी काढून मोज्यांवर आत येणारा.

बाहेर उणे एकतीस. सस्कॅचेवानची नदी इतकी घट्ट
की तिच्यावरून ट्रक चाललेत.
सोमवारचं वाक्य मी म्हटलं,
ही भूमी मुळात कोणाची, आम्ही किती ऋणी, वगैरे.
कॉलेजने ते प्लास्टिकमध्ये घालून दिलंय, भिजू नये म्हणून.
नॉर्बर्टने यंत्राचा आवाज कमी केला.

का आलात, मी विचारलं होतं.
मिशनच्या शाळेत आठ वर्षं, म्हणाला,
क्री बोललं की छडी, हे बोललं की पावाला जॅम.
अजून येतं, कानामात्रेसकट.
अर्थ तेवढा राहिला.
कुंपणामागे खड्डा खणला की फादर एक ओळ म्हणायचे,
आम्ही मागून.
तेवढी ओळ कळली की मी येणार नाही.

म्हटली त्याने. माझ्याहून शुद्ध.
मी फळ्यावर फोड केली:
विश्रांती. चिरकाल. दे. त्यांना.

"त्यांना म्हणजे?"
चतुर्थी, अनेकवचन.
"नावं नाहीत?"
नाही. नुसतं सर्वनाम.

बराच वेळ त्याची पेन्सिल हलली नाही.
मग म्हणाला, इझिडोरला चतुर्थी कशी लागते?
फिलोमेनला?
आणि पीसिमला, शाळेने बदलण्याआधीच्या नावाला?
याला नियम नाही, मी म्हणालो.
"मग करू या."

पुढच्या सोमवारी तो आला. त्याच्या पुढच्याही.

मार्चमध्ये एक शब्द आला.
पहिली वेलांटी: लिबेर, पुस्तक.
त्याहून जुना अर्थ, झाडाची आतली साल.
दुसरी वेलांटी: लीबेर, स्वतंत्र.
त्याचंच अनेकवचन, घरातली मुलं.
बघा, मी म्हणालो, सगळं आपलं शिक्षण
एका वेलांटीच्या अंतरावर.
या वाक्यावर मी वीस वर्षं खूश आहे.

"आतली?" नॉर्बर्टने विचारलं.
भूर्जाची आम्ही वरची काढतो.
जूनमध्ये, झाड सोडतं तेव्हा.
आतलीला सुरी लागू द्यायची नाही.
लागली तर झाड उभंच राहतं,
दोन उन्हाळे.
मग कळतं.

मी डस्टर उचललं,
चारांतला कुठला शब्द पुसू ते सुचेना.
मागून कोणीतरी विचारलं,
सर, हे परीक्षेला आहे का?