एम तीस

उद्यमनगरच्या गाळ्यात पहिली सीएनसी आली
तेव्हाच ती म्हातारी होती. कोइमतूरहून,
तिसऱ्या मालकाकडून, ताडपत्रीखाली.
मगदूमशेठनी नारळ फोडला. करवंटीची कपची
मशीनच्या पाटावर उडाली. आण्णांनी ती फुंकरीनं काढली,
डोळ्यात गेलेलं कुसळ काढावं तशी.

सोबत एक पत्र्याचा डबा होता.
आत कागदी फितीची गुंडाळी, भोकंच भोकं.
कुठल्यातरी गावात कुणीतरी
एका पिस्टनचं सगळं गणित भोकांत लिहून ठेवलेलं.
फीत वाचणारा भाग बिघडलेला,
म्हणून ती आमच्या घरी आली.
आईनं गणपतीला तिचं तोरण केलं.
मी आठ वर्षांचा होतो.
बल्बसमोर धरून भिंतीवरचे ठिपके मोजायचो.

होतो, मोजायचो. आमच्याकडं पोरी अशाच बोलतात.
पुढं पुण्याच्या ट्रेनरनं माझं व्याकरण दुरुस्त केलं.
मशीननं कधी केलं नाही.
तिला फक्त दशांशाचा ठिपका राहिलेला कळतो,
आणि मग ती पन्नास मिलिमीटरचं
केसाएवढं करून ठेवते, निमूट.

जी शून्य म्हणजे धाव.
जी एक म्हणजे चाल, पण कापत कापत.
एम आठ म्हटलं की पाणी सोडायचं,
जी अठ्ठावीस म्हटलं की घरी जायचं.
एवढ्याशा भाषेत पंपाची बॉडी होते,
ट्रॅक्टरचा दांडा होतो,
कुणाच्यातरी मांडीत आयुष्यभर बसणारा स्क्रू होतो.
भांडण होत नाही. बरं आहे.

आण्णांचं सगळं आयुष्य हाताच्या लेथवर गेलं.
टूल बोथट झालं की त्यांना आधी कानाला कळायचं.
एकदा सुटीच्या वेळी माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले,
दोऱ्यानं बांधलेला चष्मा वर करत.
"ह्यात 'हळू' कुठं लिवलंय?"
मी एफ दाखवला.
"आणि 'थांब'?"
थांब कशाला, म्हटलं.
"खाचंच्या तळाला गेलीस की जरा दम धर.
जॉबला एक येढा पुरा फिरू दे.
न्हाईतर गोलाईत खोट राहती.
डोळ्याला दिसत न्हाई, बेरिंगला कळती."

मी जी चार घातला. अर्धा सेकंद.
आण्णांनी डोळे मिटून एक जॉब ऐकला
आणि डबा उचलून घरी गेले.

तो प्रोग्राम मग पेनड्राईव्हमधनं फिरला,
शिरोलीला, गोकुळ शिरगावला, कागलला.
कुणाला माहीत नाही त्यात कोण थांबलंय.
महापुराच्या साली हायवे पाण्याखाली,
दिवसच्या दिवस लाईट नाही.
म्हातारीची बॅटरी गेली, ती सगळं विसरली.
मी वहीतनं बघून पुन्हा टाईप केलं.
आण्णा तेव्हा नव्हते.
अर्ध्या सेकंदापाशी बोट आलं
आणि बराच वेळ तिथंच राहिलं.

काल तौफिक मुजावर म्हणाला,
"मॅडम, हे काढलं तर शिफ्टला चार जॉब जादा निघतील."
हिशोब बरोबर आहे त्याचा. मी तपासला.
कंसात लिहिलेलं मशीन वाचत नाही, ओलांडून जाते.
देवनागरीही तिला येत नाही.
म्हणून रोमन अक्षरांत, कंसात, मराठीत लिहिलं:
काढू नका. आण्णा.

शेवटची ओळ एम तीस.
जुन्या मॅन्युअलात तिचा अर्थ दिलाय:
काम संपलं, फीत गुंडाळून पहिल्या भोकावर आण.
फीत कुठली आता.
तोरणसुद्धा कधीच चुलीत गेलं.
तरी प्रत्येक जॉबनंतर तोच हुकूम जातो
आणि कुठलाच प्रश्न न विचारता
मशीन नसलेलं काहीतरी गुंडाळून घेते.

तौफिक दार उघडतो. गरम जॉब फडक्यात धरतो,
खाचेतनं नख फिरवतो, गोल, पुरा एक येढा.
काही बोलत नाही.
पुढचा लावतो.