अंगावरून

"एष्टु दिवसदिंद?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
मी सासूबाईंकडे वळले. किती दिवस झाले?
दिवस दोन्हीकडे दिवसच.
त्यांनी बोटं मोजली, मध्येच सोडून दिली.
"बेंदराच्या आधीपासनं."

आणि रोज किती जातं?
याला माप कसलं, त्यांना कळेना.
शेवटी म्हणाल्या,
"हजार विड्या हुस्तवर चारदा उठावं लागतंय.
बसायच्या पोत्यावर डाग पडला एकदा.
मुकादमानं बघितलं, आन् हसला."
कन्नडात नेताना मी
मुकादम गाळला.
हजार ऐकून बाईंचं पेन जरा थांबलं.

अंगावरून जातं ते अंगावर काढायचं,
हे मराठी मी गोकाकहून निपाणीत नांदायला आले
तेव्हा शिकले. सोपं वाटलं होतं.

तीन जावा, तिघींच्या पिशव्या काढलेल्या.
एकीची म्हैस गेली त्यात, एकीची बोरमाळ.
सासूबाईही तयारीनंच आल्या होत्या बेळगावला:
पोलक्यात पैसे, तांब्या, जुनं पातळ,
कोंबड्या शेजारणीला सांगून.

"काढायचं नंतर. आधी आत काय आहे ते बघू,"
बाई म्हणाल्या. भरती नाही, भूल नाही,
इथंच, पडद्यामागं.

पेनाच्या रिफिलीएवढी नळी.
"स्वल्प नोवु."
नोवु म्हणजे दुखणं, मी सांगितलं.
स्वल्प त्यांना पोथीतून ठाऊक,
तरी विडीचं तोंड मुडपायला वाढवलेलं नख
माझ्या मनगटात रुतलं.
टीव्हीवर गुलाबी, ओलं, हलणारं काही,
आणि कोपऱ्यात शेंगदाण्याएवढं लोंबतं एक.
"तूच व्हय रं?" त्या म्हणाल्या,
दुधाशी सापडलेल्या बोक्याला म्हणावं तसं.

दहा मिनिटांत स्वतःच्या पायांनी बाहेर.
तुकडा बाटलीत, बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर कन्नड.
"माझंच नाव हाय न्हवं?"
वाचलं. यल्लूबाई चौगुले, वय सत्तावन्न.
दहा वर्षं जादा लावली होती.
खिडकीवर परत गेले, खोडून घेतलं.

रिपोर्ट पुढच्या सोमवारी.
तो काय निघेल, बाई बोलल्या नाहीत,
मीही विचारलं नाही.

बाकावर त्या तांब्यानं पाणी पीत होत्या, वरून.
तोंड पुसलं.
"सोमवारी," म्हणाल्या,
"त्या मुकादमाचंबी सांग."