वजनकाटा, सावदा

केळीचे ट्रक यायच्या आत
काट्याच्या लोखंडावरच सतरंजी टाकतो.
नौकासन : पाय वर, मान वर,
मधे ढेरी, घाटात रुतलेल्या गाडीसारखी.
सुपडू हमाल चहा फुंकत विचारतो,
"भंगायेभाऊ, माल उतरला का?"

मार्गशीर्षात, भरिताच्या पंगती झाल्यावर
इथंच उभा राहिलो होतो. नव्वद.
आज चैत्र लागला. नव्वदच.
दहा किलोच्या आतलं
हा काटा धरत नाही.
भरल्या गाडीतून रिकामी वजा केली
की उरतो तो माल, एवढंच त्याचं गणित.

पश्चिमोत्तानात वाकलो.
मधलं काहीतरी आज बाजूला सरकलं
आणि पायाचा अंगठा, माझाच,
हाताला लागला. लोखंडाइतका थंड.
त्याची पावती कुठली फाडणार?

रावेरकडून हॉर्न वाजला.
सतरंजी गुंडाळली.