टेकू

बक्षीस मिळालेली ती जाड कादंबरी
पावणेदोनशे पानं ओढत नेली मी,
भिजल्या सतरंजीसारखी.
नायक खिडकीतून बघायचा. पुन्हा बघायचा.
सेलूच्या उन्हात एवढं खिडकीशी बसतं कोण?
एकशे शहात्तराव्या पानावर पेन्सिलीचं बारीक अक्षर :
‘पुढं काही नाही. परत जा.’
गेले.

गयासभाईंनी शिक्का मारला, वर न बघता :
“कामून? जमलं नाही?”
आणि टेबलाच्या पायाखाली टेकू दिलेलं
एक पातळ पुस्तक ओढून दिलं.
टेबल डुगडुगलं.
बक्षीसवाली तिथं नेमकी बसली.

पहिली आठ पानं नव्हती, लिहिणाऱ्याचं नावही.
एक बाई मेलेल्या नवऱ्याची उधारी वसूल करत हिंडते
आणि दर घरी जेवून येते.
बस, एवढंच.
मानवत रोडला उतरायचं होतं,
परभणी आली तरी मी तिसऱ्या घरात,
तिच्या ताटात दुसऱ्यांदा वरण पडत होतं.

शेवटच्या पानावर ते पेन्सिलीचं अक्षर शोधलं.
नव्हतं.
कोपऱ्यात फक्त एक हळदीचा अंगठा.
शेजारी माझा ठेवून पाहिला,
तो बारका होता.