पुठ्ठा

मौलाली मिस्त्रीनं इंजिनच्या झाकणावर तळहात ठेवला,
पोराचा ताप बघावा तसा,
आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला,
"घर दोन गल्ल्या पलीकडं. एवढी कशी तापली बे, राजेशम?"

तापवूनच आणली होती.
अशोक चौकातनं दोन फेऱ्या मारून,
वर अर्धा लिटर जाड तेल ओतून.
दोन-तीन दिवस खडखडाट गप्प बसतो तेवढ्यानं.
कुंभारीचा इरप्पा मॅटॅडोर घेणार होता,
विसाराचे पाच हजार माझ्या खिशात,
आणि त्याची एकच अट:
मौलालीनं एकदा 'हूं' म्हणावं.

"गरम इंजिन गोड बोलतंय," मौलाली म्हणाला.
"रात्रभर ऱ्हाऊ दे. सकाळी उपाशीपोटी खरं काय ते सांगंल."
चादरींच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
गाडीच्या पोटाखाली सरकवला,
वाऱ्यासाठी चार कोपऱ्यांवर चार नट.

मी घरी गेलो. झोप कसली.
एकोणीस वर्षं हिनं मागाचे बीम वाहिले,
रंगारखान्यातले ओले गठ्ठे,
एकदा व्याह्यांचं वऱ्हाड,
एकदा पद्मा, मागच्या फळीवर आडवी, सिव्हिलपर्यंत.
तेव्हाही धूर होता का?
त्या दिवशी मी आरशात बघितलंच नाही.

सकाळी पुठ्ठ्यावर तीन डाग.
तांबूस, तो पाण्याचा.
पिवळा, बारीक: डिझेलची नळी, क्लिप बदल.
आणि एक काळा, चतकोर भाकरीएवढा.
मी त्याच्या बरोबर वर बोट दाखवलं: चेंबर.
मौलाली हसला.
"तेल पडतं तिथनं गळत नसतंय.
वर कुठंतरी निघतं, वाऱ्यानं मागं सरतं,
कडेकडेनं उतरतं,
आणि ज्याचा दोष नाही त्याच्या अंगावरनं ठिबकतं."

डिझेलनं धुतलं, कोरडं पुसलं,
वरनं पावडर मारली, त्याच्या नातीच्या डब्यातली,
शेडमध्ये गुलाबाचा वास.
मग स्टार्टर.

निळा धूर.
शेजारच्या लेथवाल्यानं नाक धरलं.
काळा असता तर डिझेल जास्ती,
पांढरा असता तर पाणी आत गेलंय म्हटलं असतं.
निळ्याला दुसरं नाव नाही.
तेलाचं झाकण काढलं तर भोकातनं धाप,
माझ्या आईच्या छातीत होती तशी,
तीस वर्षं विड्या वळल्यावर.

पावडर भिजली ती टॅपेट कव्हरच्या कडेला.
"पॅकिंग. दीडशे रुपये. गळती तेवढीच."
पण त्यानं गेज काढलाच.
पहिला साडेतीनशे. दुसरा दहानं कमी.
तिसरा दोनशे वीस.
चौथा बरा.
तिसऱ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा फिरवलं:
तीनशे.
"तेल पाजलं की उठतोय. म्हणजे व्हॉल्व्ह नाही.
रिंगा गेल्या. लायनर झिजला."

इरप्पाला पॅकिंगचंच सांग की, मी म्हणालो.
तो हात पुसत राहिला, एकेक बोट.
"खोटं नाही होणार ते," म्हणाला,
"गळती तेवढीच आहे."

नऊला इरप्पा आला, बायकोला घेऊन,
पिशवीत हार, नारळ.
मौलाली चहा सांगायला गेला,
टपरी समोर, तरी लांबच्या वाटेनं.

मी नट बाजूला केले, पुठ्ठा उचलला.
तीन डाग, आणि कडेला खडूनं मांडलेले चार आकडे.
इरप्पाची शाळा चौथीपर्यंत, पण आकडे येतात.
तिसऱ्यावर त्याचं बोट थांबलं.
"इदु एनु?"

मी सांगायला लागलो,
वरनं,
अशोक चौकातल्या दोन फेऱ्यांपासनं.