काइन ना

औसा रोडला, क्लासच्या बोर्डांच्या दाटीत
एक जांभळं दार आहे.
आत चारच टेबलं, बाहेर रांग.
पाठीवर सॅक, हातात जीवशास्त्राच्या नोट्स,
पोरं उभ्या उभ्या पेशीविभाजन घोकत
नंबर यायची वाट बघतात.

माझा नंबर सतरावा.
कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी,
माझ्या वयाचं तिथं कुणीच नव्हतं.
एका पोरीनं जागा करून देत विचारलं,
"काका, कुणाला न्यायला आलात?"
म्हटलं, जेवायला.

गल्ल्यावर व्यंकट.
सात वर्षं दोह्याच्या हॉटेलात कांदा चिरला
आणि येताना मारिविकला घेऊन आला.
लग्नात लोक विचारायचे, नेपाळची का?
आता तीच मारिविक गंजगोलाईत
कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करत म्हणते,
"ही शिळी हाय की. धाला दे."

तिनं हात पुसले, माझ्यापुढं पाणी ठेवलं, म्हणाली,
"काइन ना."
मला ऐकू आलं, काही ना?
असं कसं, बाई, म्हटलं, काहीतरी द्या,
तासभर उभा आहे.
व्यंकट हसून हसून गल्ल्यावर वाकला.
"अप्पा, जेवा आता, म्हणूलालीय ती."

शिवकन्या दावाओला आहे. डॉक्टरकी, तिसरं वर्ष.
बार्शी रोडचा प्लॉट फीमध्ये गेला, त्याचं काही नाही.
रोज फोनवर विचारतो, काय खाल्लंस?
भात, अप्पा.
काल? भात.
संक्रांतीला? भातच की.
भातावर काय, ते ती सांगत नाही
आणि मी विचारत नाही.
तीन वर्षं आमचं असं बरं चाललंय.

वाडगं आलं.
मुळा, वांगं, चवळीच्या शेंगा, पातळ रस्सा.
पहिल्या घोटाला डोळे आपोआप मिटले:
चिंच!
डेपोमागच्या झाडाची असावी तशी,
जिचे आकडे खिशात ठेवून
मी तीस वर्षं तिकिटं फाडली.
"सिनिगांग," मारिविक म्हणाली, "तुमच्यासाठी भाजीचं."
मग शेजारच्या टेबलाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं:
"तिकडं असं नसतंय, अप्पा.
तिकडं मासा असतंय. न्हाईतर डुक्कर."

सदऱ्याच्या आत हात गेला,
इष्टलिंगापाशी थांबला.
तोंडातला घोट आंबट, तसाच.
किती वेळ कोण जाणे.
मग गिळला.
म्हटलं, पोरीला आवडत असंल.

वर तिनं न मागता उंच ग्लास आणला.
किसलेला बर्फ, दूध, साबुदाणा, गोड राजमा,
माथ्यावर कोनफळाचा जांभळा गोळा.
आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात
एवढा बर्फ बघून आधी मला हिशेबच सुचला.
"हालो-हालो," व्यंकट म्हणाला,
"म्हणजे आपली कालवाकालव."
ती तर कधीची चालू आहे, म्हटलं, बर्फ आत्ता आला.

पैसे दिले तर मारिविक म्हणाली, "सलामत."
आभार मानण्याचा शब्द आहे म्हणे तिकडचा.
मला काय माहीत.
आमच्याकडं ही दुवा असते,
म्हणून मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं,
तू बी सलामत ऱ्हा, बाई.

बाहेर येऊन फोन लावला.
इथं चार, तिथं साडेसहा.
जेवलीस का?
"भात, अप्पा."
मी आज सिनिगांग खाल्लं, म्हटलं.
पलीकडं नुसता पंख्याचा आवाज.
रांग एका पावलानं पुढं सरकली,
कुणीतरी माझा धक्का चुकवून आत गेलं.
आणि तिच्या तोंडून निसटलं,
"कुठल्या माशाचं?"

मुळ्याचं, म्हटलं.
तुझं कशाचं असतंय, सांग की.